निरोगी राहण्याचा नियम नेमका पाळायचा कोणी?

प्रश्न : आमच्या नगरपालिकेत ‘निरोगी शहर’ नियमावलीचा मसुदा चर्चेला आला आहे. त्यात सगळ्या प्रौढांना वर्षातून एकदा आरोग्य तपासणी सक्तीची, मुलांच्या मोबाइल वापरावर वेळेची मर्यादा, शाळांजवळ गोड शीतपेयं विकायला बंदी, सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी अशी कलमं आहेत. विरोधक म्हणतात, लोकांनी कसं जगावं हे नगरपालिका कोण ठरवणार? समर्थक म्हणतात, आजार वाढलेत, काहीतरी करायलाच हवं. असे नियम खरंच उपयोगी पडतात का?

उत्तर :

काही पडतात, काही ठरावाच्या वहीतच राहतात आणि काही अंगलट येतात. कोणता नियम कुठल्या वाटेला जाणार, हे बऱ्याचदा मसुदा वाचतानाच कळतं. स्थानिक संस्थांच्या आरोग्य विभागांसाठी असे मसुदे तयार करणं, त्यावरच्या हरकती ऐकणं आणि पुढे अंमलबजावणीचं काय होतं ते बघणं, यातच माझी नोकरी गेली. मसुदा हातात आला की प्रत्येक कलमाशेजारी समासात मी एकच गोष्ट लिहितो: उद्यापासून हे पाळायला नेमकं कोणी काय करायचं? उत्तर ‘प्रत्येक रहिवाशाने, रोज, मनावर ताबा ठेवून’ असं आलं की त्या कलमाखाली लाल रेघ. ‘तेल खरेदी करणाऱ्याने’, ‘घरमालकाने’, ‘रस्ते विभागाने’ असं आलं तर पुढे वाचायचं.

तुमचं पहिलंच कलम लाल रेघेत जातं. इटलीच्या दक्षिणेला कालाब्रिया भागात सेलिया नावाचं काहीशे वस्तीचं, बहुतांशी वृद्धांचं गाव आहे. २०१५ मध्ये तिथल्या महापौरांनी आजारी पडायला मनाई करणारा आदेश काढला. वर्षातून एकदा तपासणी करून न घेणाऱ्याला १० युरोंचा भुर्दंड. बातमी जगभर गेली, लोक हसले. पण एवढ्याशा गावात, जिथे महापौर प्रत्येकाला नावाने ओळखतो, तिथे असा आदेश म्हणजे दटावून दिलेलं आमंत्रणच असतं, आणि तेवढ्यापुरतं त्याचं काम होऊ शकतं. त्याच कालाब्रियात बेलकास्त्रो गावच्या महापौरांनी जानेवारी २०२५ मध्ये आणखी पुढची पायरी गाठली: तातडीचे उपचार लागतील असा कोणताही आजार होऊ देऊ नये, असं फर्मान. जवळचा तातडीचा विभाग ४५ किलोमीटरवर, गावातलं आरोग्य केंद्र बहुतेक वेळ बंद. वरवर आदेश रहिवाशांना होता, खरा रोख वरच्या आरोग्य यंत्रणेवर. महापौरांनी तो उपहास असल्याचं लपवलंही नाही.

तुमचा मसुदा मात्र गंभीरपणे लिहिलेला आहे, म्हणून गंभीरपणे विचारतो. हजारो माणसांच्या तपासण्यांच्या नोंदी ठेवणार कोण, त्या बघायचा अधिकार कोणाला, आणि ज्याच्या तपासणीत काही सापडलं त्याच्या उपचाराचं काय? शिवाय मूळ कल्पनाच डळमळीत आहे. कसलाही त्रास नसलेल्या प्रौढांच्या सरसकट तपासण्यांवर झालेल्या प्रयोगांचा आढावा कोक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये घेतला. अशा तपासण्यांनी मृत्यूंचं प्रमाण कमी होत असल्याचं त्यात दिसलं नाही. रक्तदाब मोजणं, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी, अशा नेमक्या गटासाठीच्या नेमक्या तपासण्यांची गोष्ट वेगळी. त्यांना नियम लागत नाही, घराजवळ सोय लागते. नगरपालिकेने पैसा तिथे घालावा.

आता दुसरं टोक. माझ्या मते स्थानिक आरोग्य नियमाचा सगळ्यात शिकण्यासारखा नमुना न्यू यॉर्क शहराचा आहे, कारण एकाच शहरातल्या एकाच आरोग्य मंडळाने सहा वर्षांच्या अंतराने दोन नियम केले. एक तरला, दुसरा बुडाला.

पहिला ट्रान्स फॅटचा. वनस्पती तेल हायड्रोजन वापरून घट्ट करताना ही चरबी तयार होते. ती रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलं कमी करते, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. शहराने थेट बंदी घातली नाही. २००५ मध्ये आधी वर्षभर उपाहारगृहांना आणि त्यांना माल पुरवणाऱ्यांना समजावून सांगितलं, पत्रकं वाटली, प्रशिक्षण दिलं. मग मोजलं. मोहिमेआधी साधारण निम्मी उपाहारगृहं हे तेल वापरत होती, मोहिमेनंतरही साधारण निम्मीच. ‘आधी प्रबोधन करू, नियम नंतर बघू’ असं सभागृहात कोणी म्हणालं की मी हा आकडा पुढे करतो. प्रबोधन वाईट नाही, पण ज्याला तेल बदलायचा खर्च आणि त्रास आहे तो शेजाऱ्याने बदललं तरच बदलतो.

डिसेंबर २००६ मध्ये नियम मंजूर झाला: एका वाढपात अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स फॅट. तळण्याच्या तेलासाठी मुदत जुलै २००७ पर्यंत, बेकरीच्या आणि बाकीच्या पदार्थांसाठी जुलै २००८ पर्यंत, कारण पिठात घालायच्या चरबीला पर्याय शोधणं जास्त किचकट होतं. तेल कोणतं वापरायचं हे विचारायला मदत केंद्रही होतं. पुढे फास्टफूड साखळ्यांच्या दुपारच्या जेवणाच्या पावत्या तपासल्या तेव्हा दर खरेदीमागे ट्रान्स फॅटचं सरासरी प्रमाण २.९ ग्रॅमवरून ०.५ ग्रॅमवर आलेलं होतं. न्यू यॉर्क राज्यातल्या असा नियम केलेल्या आणि न केलेल्या काउंटींची (म्हणजे जिल्ह्यांसारख्या भागांची) तुलना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षं उलटल्यावर, नियम असलेल्या भागांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ६ टक्के जास्त घटलं होतं.

यात ग्राहकाने काय केलं? काहीच नाही. त्याने नेहमीचाच पदार्थ मागवला, चवीत फरक जाणवला नाही, घरी गेला. पर्यायी तेल बाजारात मिळत होतं. आरोग्य निरीक्षक स्वयंपाकघर तपासायला तसाही जात होता, आता त्याने डब्यावरचं लेबलही वाचायचं, एवढंच. नवा कर्मचारी नको, नवं खातं नको. मसुदे लिहिणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं हे मला ठाऊक आहे, पण बहुतेक आरोग्य नियमांचा जीव अशाच कंटाळवाण्या तपशिलात असतो.

दुसरा नियम सप्टेंबर २०१२ चा. गोड पेयांचा कप १६ औंसांपेक्षा, म्हणजे साधारण ४७० मिलिलिटरपेक्षा, मोठा विकायचा नाही. हेतू वाईट नव्हता: समोर मोठा पेला आला की माणूस जास्त पितो, हे खरं आहे. पण मंडळाचा अधिकार उपाहारगृहं, चित्रपटगृहं, स्टेडियमवरच्या गाड्या यांच्यापुरता होता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तेच पेय दुप्पट मापात मिळणार होतं. जास्त दूध असलेली गोड पेयं वगळलेली. कप रिकामा झाला की पुन्हा भरून घ्यायला मोकळीक. लोकांना दिसलं काय? सरकार माझा पेला मोजतंय, आणि शेजारचं दुकान मोकळं सोडतंय. मार्च २०१३ मध्ये, लागू व्हायच्या आदल्या दिवशी न्यायालयाने नियम रोखला आणि जून २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध २ मतांनी तो कायमचा रद्द केला. साखर चांगली की वाईट हा मुद्दाच नव्हता. असं धोरण ठरवणं हे निवडून आलेल्या विधिमंडळाचं काम आहे, नेमलेल्या मंडळाने आपली हद्द ओलांडली, असा तो निकाल होता.

म्हणून विधी अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी बसवा आणि प्रत्येक कलमाला विचारा: हे करायचा अधिकार आपल्याला कोणत्या कायद्याच्या कोणत्या तरतुदीने मिळतो? चांगल्या हेतूचा नियम अधिकाराअभावी पडला की त्या विषयाला पुढची काही वर्षं कोणी हात लावत नाही. नुकसान एका कलमापुरतं राहत नाही.

मोबाइलच्या कलमाकडे येऊ. जपानच्या कागावा प्रांताने २०२० मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांसाठी व्हिडिओ गेमची मर्यादा घातली, शाळेच्या दिवशी ६० मिनिटं आणि सुट्टीच्या दिवशी ९०. तोयोआके या शहराने ऑक्टोबर २०२५ पासून सगळ्याच रहिवाशांसाठी, काम आणि अभ्यास सोडून, दिवसाला दोन तासांची मर्यादा सुचवली. दोन्हीकडे दंड नाही आणि दंड ठेवणं शक्यही नाही. घरात कोण किती वेळ पडद्यासमोर बसलंय हे मोजायला नगरपालिका जाणार आहे का? जाऊच नये. असे नियम म्हणजे आईबापांच्या हातात दिलेलं एक निमित्त: ‘बघ, शहरानेही सांगितलंय.’ एवढ्यासाठी ठराव पुरेसा आहे. त्याला नियम म्हटलं की पाळला न जाणारा एक नियम वहीत चढतो, आणि पाळला न जाणारा प्रत्येक नियम शेजारच्या नियमाचं वजन थोडं कमी करतो. तुमचं हे कलम ठरावात टाका, किंवा त्या जागी नगरपालिकेच्या हातातली गोष्ट घ्या: संध्याकाळी मैदानं आणि शाळांची पटांगणं उघडी ठेवणं.

इथे तुम्ही म्हणाल, मग धूम्रपानबंदी कशी चालते? ती तर सरळ माणसाच्या वागण्यावरच आहे. शंका रास्त आहे. कॅलिफोर्नियातल्या सान लुईस ओबिस्पो या छोट्या शहराने १९९० मध्ये बारसकट सगळ्या बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपान बंद केलं, तेव्हा हे टिकणार नाही असंच म्हटलं गेलं. टिकलं, पसरलं. कारण एक, धूर दुसऱ्याच्या छातीत जातो. कारण दोन, प्रत्येक जागेला मालक असतो आणि नियम मुळात त्याला पकडतो. कारण तीन, शेजारच्या टेबलावरचा माणूसच फुकटचा निरीक्षक होतो. मोबाइलच्या बाबतीत यातलं एकही नाही.

दुसऱ्याला होणारं नुकसान हा मुद्दा कायद्यातही जुना आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहराने १९०२ मध्ये देवीच्या साथीत लस सक्तीची केली, न घेणाऱ्याला ५ डॉलर दंड. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये तो नियम उचलून धरला. तिथे थेट शरीरावर सक्ती होती, पण आधार साथीचा होता. मधुमेह शेजाऱ्याला लागत नाही. त्यामुळे साथीच्या वेळचा अधिकार साखरेवर वापरायला गेलात तर न्यायालयातही अवघड आणि चौकातही.

धूम्रपानबंदीच्या फायद्याबद्दल बोलताना जरा हात राखून बोला. मोंटाना राज्यातल्या हेलेना शहरात जून २००२ मध्ये बंदी आली आणि सहा महिन्यांत न्यायालयीन आदेशाने थांबली. त्या सहा महिन्यांत हृदयविकाराच्या झटक्याचे २४ रुग्ण दाखल झाले. इतर वर्षांच्या त्याच महिन्यांत सरासरी ४० असत. चाळीस टक्के घट, असं हे उदाहरण भाषणात वापरलं जातं. पण आकडे किती लहान आहेत ते बघा. पुढच्या मोठ्या अभ्यासांत दिशा तीच निघाली, घट मात्र बरीच कमी. सभागृहात ४० टक्क्यांचं आश्वासन दिलंत आणि हाती सात-आठ टक्के आले, तर ते खरं यश असूनही अपयश दिसेल.

शाळांजवळच्या विक्रीचं कलम मला आवडलं, पण ते अर्धं लिहिलेलं आहे. दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये २००८ साली स्वतःच्या वेगळ्या इमारतीत उघडणाऱ्या नव्या फास्टफूड दुकानांना बंदी झाली. २०१५ मध्ये तिचं मूल्यमापन प्रसिद्ध झालं तेव्हा त्या भागात लठ्ठपणा वाढलेलाच होता, शहराच्या इतर भागांपेक्षा जास्त. बंदीने लठ्ठपणा वाढवला असा याचा अर्थ नाही. जुनी दुकानं जागेवर होती, व्यापारी संकुलातल्या गाळ्यांना नियम लागू नव्हता आणि नव्याने उघडलेली बहुतेक दुकानं छोटी किराणा दुकानं होती. नियमाने जे अडवलं ते मुळात येतच नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोचा किस्सा याहून मजेशीर. मुलांच्या जेवणाबरोबर फुकट खेळणं द्यायचं तर जेवण पौष्टिक हवं, असा तिथला नियम डिसेंबर २०११ मध्ये लागू झाला. मॅकडोनाल्डने खेळण्याला १० सेंट किंमत लावली. फुकट नाही, म्हणजे नियम संपला.

याउलट इंग्लंडमधल्या गेट्सहेडने २०१५ मध्ये नवं काही उभारलं नाही, हातातलंच नियोजन परवानगीचं हत्यार वापरलं: माध्यमिक शाळांपासून ४०० मीटरच्या आत आणि मुलांमध्ये लठ्ठपणा जास्त असलेल्या प्रभागांत नव्या टेकअवे दुकानांना (तयार खाणं बांधून देणाऱ्या) परवानगी नाही. दुकानांची दाटी पुढे कमी झाली. सावकाश चालणारं हत्यार आहे, पण बोथट नाही. तुमच्या कलमात ‘जवळ’ म्हणजे किती मीटर, अंतर कुठल्या दारापासून मोजायचं, सध्याच्या विक्रेत्यांचं काय आणि ‘गोड’ म्हणजे १०० मिलिलिटरमागे किती साखर, हे चार तपशील नाहीत. ते नसतील तर निरीक्षक आणि विक्रेता रोज फुटपाथवर वाद घालतील आणि त्यात हातगाडीवाला हरेल, मोठी साखळी नाही. न्यू यॉर्कने २००८ मध्ये मेनूवर कॅलरी लिहायची सक्ती केली ती १५ किंवा जास्त शाखा असलेल्यांनाच, ते या दृष्टीने शहाणपणाचं होतं. (त्या पाट्यांनी लोकांनी मागवलेल्या कॅलरी कमी झाल्याचं मात्र सुरुवातीच्या अभ्यासात दिसलं नाही. पाटी वाचून वागणं बदलायचं काम पुन्हा ग्राहकावरच टाकलेलं होतं.)

‘इथे बंद केलं तर लोक शेजारच्या हद्दीत जाऊन घेतील’ ही हरकत तुमच्याकडे नक्की येणार. ती अर्धी खरी आहे आणि अर्धं किती, हे मोजलं गेलंय. फिलाडेल्फियाने जानेवारी २०१७ पासून गोड पेयांवर औंसाला दीड सेंट कर लावला. पहिल्या वर्षी शहरातल्या दुकानांत करपात्र पेयांची विक्री ५१ टक्क्यांनी घटली. हद्दीबाहेरच्या दुकानांत वाढलेली विक्री वजा केल्यावरही निव्वळ घट ३८ टक्के उरली. आता उलटं उदाहरण. मॅसॅच्युसेट्समधल्या नीडहॅम गावाने २००५ मध्ये तंबाखू विकत घ्यायचं वय १८ वरून २१ केलं, आजूबाजूच्या गावांनी नाही. २००६ ते २०१० दरम्यान तिथल्या हायस्कूलच्या मुलांमधलं धूम्रपान १३ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं, शेजारच्या भागात १५ वरून १२ वर. दहावी-अकरावीचं पोर सिगारेटसाठी दुसऱ्या गावी फारसं जात नाही. ते बरोबरच्या थोड्या मोठ्या मित्राला सांगतं, आणि नियमाने तो मित्रच रांगेतून काढला. पुढे २०१९ मध्ये २१ हे वय सगळ्या अमेरिकेचं झालं.

कराबद्दल आणखी एक, कारण तुमच्या मसुद्यात तो नाही पण चर्चेत येईलच. शिकागो ज्या कुक काउंटीत आहे तिथे असाच कर ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबरमध्येच तो मागे घ्यायचं मतदान झालं. फिलाडेल्फियात पैसा बालवाड्या, उद्यानं, ग्रंथालयं यांना जाणार हे लोकांना आधीपासून माहीत होतं. कुक काउंटीत तो अंदाजपत्रकातलं भोक बुजवायला होता आणि नाव आरोग्याचं होतं. लोकांना हा फरक लगेच कळतो.

शेवटी ज्यांना कोणी आरोग्य नियम म्हणत नाही त्यांच्याकडे वळतो, कारण तुमच्या मसुद्यात त्यांची जागा रिकामी आहे. न्यू यॉर्कमध्ये इमारतींच्या खिडक्यांतून मुलं पडून मरत होती. शहराच्या ब्राँक्स भागात आधी पालकांचं प्रबोधन आणि जाळ्यांचं फुकट वाटप करून बघितलं, पडण्याच्या घटना निम्म्यावर आल्या. मग १९७६ मध्ये नियम झाला: १० वर्षांपर्यंतचं मूल असलेल्या घराच्या खिडक्यांना संरक्षक गज बसवणं ही घरमालकाची जबाबदारी. आईने दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसावं, असा नियम कोणी केला नाही. लंडनमध्ये ज्या रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आणि ती पाळायला लावणारे उंचवटे आले, तिथे अपघातात जखमी होणारे आणि मरणारे सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झाले, असं २००९ च्या अभ्यासात निघालं. लंडनच्याच वाहतूक यंत्रणेने फेब्रुवारी २०१९ पासून बस आणि मेट्रोवर जास्त साखर, मीठ, चरबीच्या पदार्थांच्या जाहिराती बंद केल्या. अपेक्षित खरेदीच्या तुलनेत घरटी आठवड्याला साधारण १००० कॅलरी कमी विकत घेतल्या गेल्या, असा अंदाज पुढे प्रसिद्ध झाला. नीट वाचा: खरेदी आधीपेक्षा घटली असं नाही, बंदी नसती तर जेवढी वाढली असती तेवढी वाढली नाही. तरीही, स्वतःच्या मालकीच्या भिंतीवर काय लावायचं हे ठरवायला नगरपालिकेला कोणाची परवानगी लागत नाही. माझ्यासमोर हा मसुदा असता तर पहिलं कलम हेच लिहिलं असतं आणि दुसरं शाळांसमोरच्या रस्त्यांवरच्या वेगाचं.

बाकीचं असं: तपासणीची सक्ती काढा आणि तिचा पैसा दवाखान्याच्या वेळा वाढवायला वळवा. मोबाइल ठरावात. धूम्रपानबंदी ठेवा, पण दंड आधी जागेच्या मालकाला. शाळांजवळच्या विक्रीसाठी अंतर आणि साखरेचं प्रमाण आकड्यात लिहा आणि सध्याच्या विक्रेत्यांना निदान एक शैक्षणिक वर्ष द्या. नियम लागू व्हायच्या आधी दोन-तीन महिने निरीक्षकांकडून शाळांभोवतीच्या सगळ्या दुकानांची आणि हातगाड्यांची यादी करून घ्या, काय विकतात ते नोंदवा. न्यू यॉर्कला प्रबोधन फसल्याचं कळलं ते त्यांनी मोहिमेआधी मोजलं होतं म्हणून. तीन वर्षांनी पुन्हा तीच यादी करून सभागृहापुढे ठेवायची, आणि फरक नसेल तर कलम आपोआप संपेल, अशी तरतूद मसुद्यातच घाला. विरोधकांपैकी निम्मे तेवढ्यावर राजी होतात, असा माझा अनुभव आहे.